ओहोळ सिस्टरांनी घर विकलं, आमच्यासकट

आमचं घर पहिल्यांदा गिऱ्हाइकाला दाखवलं गेलं, तेव्हा मी त्याच घरात मांडी घालून शेवग्याची शेंग चोखत बसलो होतो. दारात चार अनोळखी माणसं उभी. एकजण छताकडे बघत होता, एकजण टाचेनं फरशी ठोकून पाहत होता, आणि सगळ्यांच्या पुढे उभ्या असलेल्या ओहोळ सिस्टर माझ्याकडे हात करून सांगत होत्या, "हे दोन नंबर. जेवण वेळेवर असतं. भूक चांगली. रात्री घोरतात, पण कुशीवर वळवलं की थांबतात."

मी शेंग ताटात ठेवली. चौघांतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "हे पण घराबरोबरच आहेत का?"

"अर्थात," सिस्टर म्हणाल्या.

ओहोळ सिस्टर आमच्या घरमालकीण. दौंडजवळच्या केडगाव स्टेशनपासून पायी जाता येईल अशा एका गल्लीत त्यांचं तीन बिऱ्हाडांचं घर होतं. खाली पुढच्या खोल्यांत त्या स्वतः. खालीच मागच्या खोलीत रामनरेश, बिहारहून आलेला फरशीवाला. वर मी आणि माझी बायको सविता. मी कुरकुंभच्या एका कंपनीत स्टोअरला कामाला, कंपनीची बस चौफुल्यावरून पकडायचो. सिस्टरांनी खोल्यांना नंबर दिले होते आणि खोलीचा नंबर तोच माणसाचा नंबर. सकाळी पाण्याची मोटर लावली की त्या खालून आवाज द्यायच्या, "दोन नंबर, टाकी भरली का बघा. तीन नंबर, रात्री खोकत होतात, वाफ घ्या." स्वतःला त्या एक नंबर म्हणत. "एक नंबर आज उपाशी झोपणार, पोट बरं नाही," असं त्या आपल्याच दाराशी उभ्या राहून सगळ्यांना कळवायच्या.

त्यांचं सगळं आयुष्य नर्स म्हणून ठिकठिकाणच्या दवाखान्यांत गेलेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी दवाखाना त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. बारीक काठाची पांढरी साडी, पायात पांढरे कापडी बूट, आणि घड्याळ मनगटावर नाही तर छातीशी पिनेनं लटकवलेलं, तेही उलटं, म्हणजे फक्त त्यांनाच वाचता यावं. बुटांमुळे पावलांचा आवाज येत नसे. तुम्ही भाजी निवडत बसलेले असायचात, मान वर केली की सिस्टर.

आम्ही खोली बघायला आलो त्या दिवशी त्यांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "जीभ दाखवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"जीभ हो. बाहेर काढा. अजून. आता तुम्ही, मुली."

आम्ही नवरा-बायको त्यांच्या ओट्यावर जीभ काढून उभे राहिलो. रस्त्यानं जाणारा एक दूधवाला गाडी थांबवून बघत होता. सिस्टरांनी दोन्ही जिभा तपासल्या, आमची खोली पक्की केली आणि दूधवाल्यालाही सांगितलं, "तुमची दाखवू नका, पिवळी असणार ते इथूनच कळतंय. तंबाखू सोडा."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. गॅस संपला, पगार लांबला, साप निघाला, काहीही झालं तरी त्या म्हणायच्या, "घाबरल्यानं ताप उतरत नाही, मी पाहिलंय." यातलं 'मी पाहिलंय' इतकं ठाम असायचं की घाबरायची लाज वाटायची.

त्या रविवारी मात्र आम्ही घाबरलो. चर्चहून आल्यावर त्यांनी तिन्ही नंबर ओट्यावर जमवले. सविताला तेव्हा पाचवा महिना लागला होता, म्हणून तिला खुर्ची दिली. रामनरेश आणि मी उभे. सिस्टर म्हणाल्या, "नगरला माझी थोरली बहीण असते, मार्था. शाळेत बाई होती. एकटी आहे. परवा बाथरूममध्ये पडली. हाड शाबूत आहे, पण आता आम्ही दोघींनी एकत्र राहावं असं ठरलंय. मी घर विकायला काढतेय."

गल्लीच्या टोकाला एक मालगाडी धडधडत गेली, ती संपेपर्यंत आम्ही तसेच उभे. सविताचा हात पोटावर गेला. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, शिरूरला ठरलं होतं. पण बाळ घेऊन परत यायचं कुठं, हा प्रश्न एका क्षणात आमच्यासमोर येऊन बसला. केडगावात खोली मिळणं सोपं नव्हतं. त्यातून तान्हं मूल म्हटलं की घरमालक नाक मुरडतात.

रामनरेशला मराठी अर्धीच कळायची. त्यानं विचारलं, "क्या बेचना है, सिस्टर?"

सिस्टरांची हिंदी त्यांच्या मराठीइतकीच करारी होती. "घर बेचनेका है. तुमको नहीं बेचनेका. तुम इधरच रहनेका. आदमी निकालके घर बेचा तो घर बीमार पडता है."

"मतलब नया मालिक हमको रखेगा?"

"रखेगा नहीं तो उसको घर नहीं मिलेगा," सिस्टर म्हणाल्या आणि आत जाऊन झोपल्या.

घर विकण्यासाठी त्यांनी पोपट नावाच्या एजंटला गाठलं. पोपटचं ऑफिस म्हणजे त्याची मोटरसायकल. डाव्या कानाला मोबाइल खांद्यानं दाबून धरायच्या सवयीनं त्याची मान कायमची वाकडी झाली होती, त्यामुळे तो प्रत्येक गोष्टीवर संशय घेतोय असं वाटायचं. त्यानं घर बघितलं आणि स्वच्छ सांगितलं, "सिस्टर, आधी ही माणसं हलवा. भाडेकरू बसलेलं घर कोण घेतंय? मोकळं घर म्हंजी चांगला भाव. भरलेलं म्हंजी डोक्याला ताप."

"कोणाला ताप आहे?" सिस्टरांनी विचारलं.

"तसा न्हाई वो..."

"मग बोलू नका. आणि मान सरळ ठेवा."

पोपटनं हार मानली नाही. त्यानं घराचा व्हिडिओ काढायचं ठरवलं. एका सकाळी तो न सांगता जिना चढून आला, मोबाइल समोर धरून, तोंडानं 'हवेशीर, प्रकाशमान, टू रूम किचन' असं बोलत. मी तेव्हा टॉवेल गुंडाळून खिडकीत दात घासत होतो. पोपटनं त्या व्हिडिओला सनई लावली आणि तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर सोडला. दुपारपर्यंत तो कंपनीत पोचला. आमच्या सुपरवायझरनं मला केबिनमध्ये बोलावून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "घर फर्निश्ड आहे म्हणतात. टॉवेल धरून का त्याशिवाय?" पुढं बरेच दिवस मी स्टोअरमध्ये शिरलो की कुणीतरी सनई वाजवायचं.

पण त्या व्हिडिओमुळे गिऱ्हाइकं सुरू झाली. गिऱ्हाईक यायच्या आधी सिस्टर राउंड घेत. चादरीचे कोपरे गादीखाली दवाखान्यासारखे दुमडायला लावत. रामनरेशला केस विंचरून खाटेच्या टोकाशी बसवत. आम्हाला सांगत, "विचारल्याशिवाय बोलू नका, विचारलं तर खरं सांगा." मग मोठे डॉक्टर आल्यावर वॉर्ड उभा राहावा तसे आम्ही आपापल्या खोलीत उभे राहायचो.

घर दाखवण्याची त्यांची पद्धतही राउंडचीच. भिंतीवर हात ठेवून म्हणायच्या, "हिला पावसाळ्यात घाम येतो. औषध दोनदा केलं, गुण नाही." नळापाशी, "हा रात्री गळतो. सकाळी आपोआप बरा होतो." पोपट मागून खुणा करून थकायचा. एकदा तर त्यानं हात जोडले, "सिस्टर, निदान गिऱ्हाईक जिना चढंस्तवर तरी गप बसा."

"पेशंटची हिस्टरी लपवली की पुढं ऑपरेशन बिघडतं," सिस्टर म्हणाल्या.

ती शेंगेच्या दिवशी आलेली मंडळी पुण्याची. त्यांना घर आवडलं होतं. पण त्या बाईंनी बोलता बोलता आमचं कपाट उघडलं. सिस्टरांनी दार त्यांच्या हातातून हळूच सोडवून परत बंद केलं. "आजाऱ्याची आणि भाडेकरूची वस्तू विचारल्याशिवाय उघडू नये," त्या म्हणाल्या. "मनाची तयारी नसताना काय काय दिसतं." आत खरंतर सविताच्या साड्या आणि लाडवाचा डबा होता. पण त्या बाई जाईपर्यंत आमच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत राहिल्या. गाडीत बसताना त्यांच्या नवऱ्यानं विचारलं, "ही माणसं कधी जातील?" सिस्टरांनी सरळ विचारलं, "कुठं?" त्या गृहस्थांनी गाडीची काच वर केली. ते पुन्हा आले नाहीत.

दुसरं गिऱ्हाईक जास्त धोक्याचं होतं. हा माणूस मोजायची टेप घेऊनच आला. त्याला घर नकोच होतं, जागा हवी होती. घर पाडून तिथं गाळे काढायचे होते. सविता पोळ्या करत होती तर हा तिच्या पाटाभोवती टेप लावत होता. "ताई, जरा पाय घ्या," म्हणाला. सविता उठली नाही. त्यानं तिला वळसा घालून मोजलं, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराचं माप त्याच्या हिशेबात भलतंच मोठं आलं आणि तो खूश झाला. सिस्टर नेमक्या त्या दिवशी बँकेत गेल्या होत्या. पोपटचा चेहरा फुलला होता. आमचे उतरले होते.

खाली जाताना त्या माणसानं रामनरेशला सहज विचारलं, "इधर रात को कैसा रहता है? चोरी वगैरह?"

रामनरेश मनापासून खरं बोलला. विचारलं तर खरं सांगायचं, असं त्याला शिकवलेलं. "एकदम शांती है, साहब. रात को सफेद साड़ी में एक बुढ़िया घूमती है. पाँव की आवाज़ नहीं आती. हर दरवाज़े पे रुकके हमारी साँस सुनती है, फिर चली जाती है."

त्या माणसाची टेप सुर्रकन डबीत गेली. "किसने देखा?"

"सबने देखा. कल मेरे माथे पे हाथ रखा था. ठंडा हाथ था."

"और... कुछ बोलती है?"

"नंबर बोलती है, साहब. मेरा तीन है."

तो माणूस गेला तो गेलाच. पोपट त्याच्या मागं पळत चौफुल्यापर्यंत समजावत गेला की ती बाई जिवंत आहे, ती स्वतःच मालकीण आहे, रामनरेशला ताप आला होता म्हणून बघायला गेली होती. त्यावर तो माणूस म्हणाला म्हणे, "मेलेल्या माणसाला मालकी सोडवत न्हाई, ते म्या ऐकून हाय." सिस्टर बँकेतून आल्या तेव्हा आम्ही तिघं हसून हसून ओट्यावर लोळत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त सविताला म्हणाल्या, "एवढं हसू नकोस. बाळाला उचकी लागेल."

पोपटला त्यांनी त्या संध्याकाळी ओट्यावर बसवून त्याच्यासाठी प्रार्थना केली. डोळे मिटायच्याऐवजी त्याच्याकडे बघत. "हे प्रभू, पोपटला धीर दे. त्याला सरळ मानेचं आणि चांगल्या मनाचं गिऱ्हाईक दाखव. आमेन." पोपटनंही घाईघाईनं आमेन म्हटलं.

प्रभूनं पाठवले ते मांडवगण फराट्याचे संपत आप्पा. भरपूर बागायत, गावच्या राजकारणात वजन, सोसायटीत शब्द. शरीरालाही वजन. त्यांची जीप गल्लीत शिरली तेव्हा समोरच्या घराची तुळस हलली. नातू पुण्याला कॉलेजात जायचा होता. त्याला रेल्वेजवळ घर पाहिजे, आणि आप्पांना नातू पुण्यात राहिलेला नको होता. "पुण्याला राह्यलं की पोरगं हाताबाहेर जातंय. हितं राहील, गाडीनं जाईल, गाडीनं यील," असं त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी सांगितलं. जिन्याच्या वर पोचेपर्यंत मात्र त्यांना बोलता येईना. चेहरा लाल, कपाळावर घाम.

सिस्टरांनी घर दाखवलंच नाही. आमच्या खुर्चीवर त्यांना बसवलं, खाली जाऊन प्रेशर मोजायचं यंत्र आणलं, आणि म्हणाल्या, "बाही वर."

"आवं सिस्टर, म्या घर बघाय आलोय, दवाखान्यात न्हाई."

"बाही."

आयुष्यात आप्पांना कुणी असं एका शब्दात बोललं नसावं. त्यांनी बाही वर केली. सिस्टरांनी पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, नळी कानाला लावली. आम्ही सगळे काट्याकडे बघत होतो.

"वरचं फार वर आहे," सिस्टर म्हणाल्या, "आणि खालचं त्याच्या मागं पळतंय. आज व्यवहार नाही."

पोपट ओरडलाच, "सिस्टर!"

"या प्रेशरवर माणूस सही करतो आणि तिथंच पडतो. मी पाहिलंय. आप्पा, डॉक्टरांकडे जा, ते देतील ती गोळी रोज घ्या. मीठ कमी, पापड बंद, लोणचं बंद. पुढच्या आठवड्यात या. काटा खाली आला तर घर दाखवीन."

आप्पा उठले. "घरं काय कमी हाईत व्हय केडगावात?" म्हणाले आणि जिना उतरून गेले. पोपट जिन्यावरच बसला. "सिस्टर, आख्ख्या शिरूर तालुक्यात असं गिऱ्हाईक न्हाई. तुमी त्याला दुखणं चिकटवून लावून दिलं."

पुढच्या आठवड्यात जीप गल्लीत आली. "हिकडून चाललोच हुतो," आप्पा म्हणाले आणि विचारायच्या आत बाही वर केली.

मग ते येतच राहिले. घराचा विषय निघायचा नाही. डॉक्टरांची गोळी सुरू झाली होती. काटा दर खेपेला थोडा खाली यायचा आणि आप्पा शाळेत नंबर आल्यासारखे गावात सांगत फिरायचे. सिस्टर त्यांना जिना चढायला-उतरायला लावायच्या, सावकाश, कठड्याला धरून. वर आले की ते आमच्याकडे बसायचे. आमचं घर विकत घेऊन आम्हाला बाहेर काढू शकणारा माणूस आमच्याच खुर्चीवर बसून सविताला डोहाळे कसले लागलेत ते विचारायचा. सविताही त्यांना सांगायची. एकदा ते इकडंतिकडं बघून कुजबुजले, "पोरी, घरात कैरीचं लोणचं आसंल ना? एक फोड दे. जेवणाला आता चवच राह्यली न्हाई बघ."

सविता फोड काढणार तोच दारात सिस्टर उभ्या. बुटांचा आवाज नाहीच.

"काय चाललंय?"

एवढा मोठा माणूस, गावची पंचायत ज्याच्या घरी बसते, तो खुर्चीतून अर्धा उठला. "न्हाई, म्या नुस्ता वास घेत हुतो."

"वासालाही मीठ असतं," सिस्टर म्हणाल्या. हे शास्त्रात कुठं लिहिलंय ते मला माहीत नाही, पण आप्पांनी बरणीकडे पाठ केली.

हसत होतो खरं, पण सविताचे दिवस भरत चालले होते. मी केडगावात आणि चौफुल्याला खोल्या बघत होतो. एक पत्र्याची, एक लग्नाच्या कार्यालयाशेजारी, एका ठिकाणी मालकानं लहान मूल होणार म्हटल्यावर दारच लावून घेतलं. घरी आल्यावर सविता माझ्या चेहऱ्याकडे बघून पाणी द्यायची. सिस्टरांना हे सगळं कळत होतं. एका संध्याकाळी त्या वर आल्या, माझ्या हातात कढीचं पातेलं दिलं आणि सांगितलं, "खोल्या बघणं बंद करा. पायाला सूज येईल." त्यावर आम्ही त्यांचं ऐकलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी काटा असा खाली आला की सिस्टर समाधानानं मान हलवून म्हणाल्या, "आता बोलू या." आप्पांनी बाही खाली करायला हात नेला.

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "पट्टा राहू द्या."

असा व्यवहार तालुक्यात पूर्वी झाला नसेल. आमच्या खोलीत आप्पा खुर्चीवर, दंडाला पट्टा. सिस्टर समोर स्टुलावर, हातात रबरी फुगा. पोपट दाराला टेकून. रामनरेश, मी आणि सविता भिंतीशी ओळीनं उभे, कुणीही न सांगता.

"आप्पा, भाव तुम्हाला पोपटनं सांगितलाय," सिस्टर म्हणाल्या, फुगा दाबून, काटा बघून. "त्याला तुमची हरकत नाही."

"म्या अजून बोललो न्हाई."

"काटा बोलला. पुढं. माझ्या खालच्या खोल्या तुमच्या नातवाला मिळतील, या मुलीचं बाळंतपण शिरूरला सुरळीत झालं की लगेच. वरची माणसं राहतील. मागचा रामनरेश राहील. यांचे करार तुमच्याकडे जसेच्या तसे चालू. डिपॉझिट मी तुमच्या हवाली करीन."

"आता हे न्हाई जमायचं," आप्पा म्हणाले. "घर घ्याचं आन् दुसऱ्याला ऱ्हाऊ द्याचं, म्हंजी मी मालक का धर्मशाळेचा म्यानेजर?"

सिस्टरांनी फुगा दाबला. सगळी खोली त्या काट्याकडे बघत होती. मी सविताचा हात धरला. सिस्टरांनी नळी कानातून काढली, काटा पुन्हा एकदा बघितला.

"आप्पा, तोंड नाही म्हणतंय, पण प्रेशर नॉर्मल आहे. माणसाला खरंच नको असलं की ते वर जातं. म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग बघता बघता त्यांची ढेरी हलायला लागली आणि ते असे हसले की पट्ट्याची चिकटपट्टी तटकन सुटली. "आयला! माझाच दंड मला फितूर झाला की," असं म्हणून डोळे पुसत राहिले. मग सविताकडे बघून म्हणाले, "तसंबी पोरगं एकलं ऱ्हाऊन बिघडलंच आसतं. वर ताई आसली म्हंजी नजर ऱ्हाईल. कवा यीतो, कवा जातो, सांगशील ना गं?"

"सांगेन की आप्पा," सविता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"रडू नकोस," आप्पा गडबडले. "सिस्टर, हिचंबी मोजा."

पोपट दारातच खाली बसला होता. त्याची मान पहिल्यांदाच सरळ दिसत होती.

दौंडला खरेदीखत झालं, त्याला मी साक्षीदार म्हणून गेलो. तिथंही सिस्टरांनी पावसाळ्यात घाम येणाऱ्या भिंतीचा उल्लेख खतात घालायचा हट्ट धरला. वकील म्हणाले, अशी पद्धत नाही. आप्पा म्हणाले, "घाला वकीलसाहेब. न्हाईतर हिथं सगळ्यांच्या बाह्या वर करतील." शेवटी एक ओळ गेली. रजिस्ट्रारच्या खोलीत फोटो काढताना सिस्टरांनी फोटो काढणाऱ्यालाच ताठ बसायला सांगितलं.

सविता शिरूरला गेली, मुलगी झाली, दोघीही ठणठणीत. ती बातमी ऐकल्यावर सिस्टरांनी ट्रंक भरली. आप्पांनी स्वतःची जीप पाठवली, स्वतः पुढच्या सीटवर. गल्लीतली सगळी माणसं जमली होती. रामनरेश रडत होता, त्याला सिस्टर म्हणाल्या, "रोनेका नहीं. पानी कम होता है शरीर में." मला म्हणाल्या, "दोन नंबर, कुशीवर झोपा." आणि गाडीत बसल्यावर आप्पांना, "सावकाश चालवायला सांगा." गाडी वळेपर्यंत आम्ही उभे होतो. त्या मागं वळून पाहत नव्हत्या. पण बाहेर काढलेला हात बराच वेळ तसाच होता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. थंडी पडली होती, मुलगी अजून आजोळीच होती, आणि मी तिच्यासाठी झबली घेऊन शिरूर स्टँडवर उतरलो होतो. शेजारी पुण्याहून नगरला जाणारी बस उभी होती. खिडकीशी एक लहानखुरी म्हातारी बसलेली, डोक्याला भडक गुलाबी लोकरीची कानटोपी, वर गोंडा. तिच्या पलीकडे तिच्याहून उंच, तिच्याहून म्हातारी बाई, मांडीवर काठी.

"एस्तेर, खिडकी लाव. वारा येतोय."

"हो ताई."

"पाणी प्यालीस?"

"हो ताई."

"खोटं बोलतेस. बाटली भरलेली आहे."

एस्तेरनं मुकाट्यानं बाटली उघडली आणि घटाघटा पाणी प्यायली. बाटली खाली करताना तिची नजर माझ्यावर पडली. ओहोळ सिस्टर. मी हात वर केला, तोंड उघडलं. त्यांनी डोळे मोठे केले आणि घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. केडगावात हे कळता कामा नये.

मी मान डोलावली. तेवढ्यात पलीकडून थोरल्या बहिणीचा हात आला, टोपी खाली ओढून तिचे बंद हनुवटीखाली घट्ट बांधले, आणि गाल थोपटला. सिस्टर हलल्या नाहीत. बस सुटली तेव्हा खिडकीच्या काचेत फक्त तो गुलाबी गोंडा डुलत होता, आणि खाली त्यांचा चेहरा, लहान मुलीसारखा, अतिशय खूश.